वालचंदांची गाडी आणि मिस्त्रीचा कान

सोलापुरात वालचंद हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कॉलेजच्या पाट्यांवर ते आहे, इंजिनीअरिंगच्या पोरांच्या दप्तरावर आहे. पण शेठ वालचंद हिराचंद यांनी नेमकं काय केलं, असं विचारलं की आपली गाडी बहुधा जहाजापाशी थांबते. १९१९ साली सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली, तो ५ एप्रिलचा दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. समुद्र नसलेल्या सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या माणसाने हे केलं, याचं आपल्याला कौतुक आहे आणि ते असायलाच हवं. मला मात्र आज त्यांच्या जहाजाविषयी बोलायचं नाही. मोटारीविषयी बोलायचं आहे. त्यातही सबंध मोटारीविषयी नाही, तिच्या एका पेडलविषयी.

१९३९ साली वालचंद मोटारीच्या कारखान्याच्या खटपटीसाठी अमेरिकेला गेले होते. तिथे क्रायस्लर कंपनीशी त्यांची बोलणी झाली. याच प्रवासातल्या एका योगायोगाच्या भेटीतून विमानाच्या कारखान्याची कल्पना पुढे आली आणि १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. मोटारीचं स्वप्न मात्र अडकलं. युद्धाच्या धामधुमीत इंग्रज सरकारला हिंदी माणसाच्या मोटार कारखान्यात रस नव्हता. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना झाला आणि १९४७ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ अशा मोठ्या गाड्या आणि ट्रक. पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि मग आली ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची गाडी. वालचंद १९५३ मध्ये गेले. तिची भरभराट त्यांनी पाहिली नाही.

ही गाडी आधी फियाट ११०० होती. १९६४ मध्ये तिचं ‘डिलाइट’ हे रूप आलं, सत्तरच्या दशकात ती ‘प्रेसिडेंट’ झाली आणि मग ‘पद्मिनी’. नावं बदलली, आत १०८९ सीसीचं तेच इंजिन राहिलं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. डॉक्टरची गाडी हीच, वकिलाची हीच, लग्नात नवरदेवाला फुलं लावून आणायचे तीही हीच. दुसऱ्या बाजूला बिर्लांची अॅम्बॅसडर होती, ती पुढाऱ्यांची आणि सरकारी साहेबांची. तिसरं नाव घेण्यासारखं फार काही नव्हतंच. १९५३ साली टॅरिफ कमिशनने ठरवून दिलं की, ज्यांना हळूहळू सबंध गाडी इथेच बनवायची आहे त्यांनीच राहावं, नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी नाही. मग मुंबईत १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स आणि तिच्याबरोबर फोर्ड, दोघांनीही इथून मुक्काम हलवला. राहिले दोन-तीन कारखाने आणि रांगेत उभा सगळा देश. गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची.

या रांगेविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. अर्थतज्ज्ञांनी टीका केली, विनोदी लेखकांनी चेष्टा केली. पण रांगेचा एक परिणाम मला फारसा कुठे लिहिलेला आढळत नाही. जी गाडी इतक्या वर्षांनी मिळते, ती कुणी पाच वर्षांत विकून टाकत नाही. ती वीस वर्षं चालवायची, मग दुसरा कुणी ती घेणार आणि आणखी दहा वर्षं चालवणार. म्हणजे गाडी कुर्ल्याला एकदाच जन्माला येत होती, त्यानंतर तिला जिवंत ठेवण्याचं काम गावोगावच्या गॅरेजांत चाललेलं असायचं. कारखान्याचा इतिहास ग्रंथांत आहे. गॅरेजचा इतिहास काळ्या तेलाने माखलेल्या बोटांत होता आणि ती बोटं एकेक करून मातीआड गेली.

त्यातली दोन बोटं माझ्या घरातली. माझे मामू मोटार मिस्त्री होते. विजापूर वेशीच्या अंगाला त्यांचा पत्र्याचा गाळा होता. मी शिकून बी.ए. झालो, मराठी कविता लिहू लागलो. मामूंना माझ्या कवितेतलं फार कळायचं नाही आणि मला त्यांच्या पान्यांतलं. पण कान देऊन ऐकणं हा दोघांचा धंदा होता, एवढं मी आज म्हणेन. क्लचला ते ‘किलच’ म्हणायचे. गिऱ्हाईक येऊन म्हणालं की, ‘उस्ताद, क्लच गेला,’ तर मामूंचं ठरलेलं उत्तर असायचं, ‘गया कहाँ? पैले सुनेंगे तो सही.’

आता हा क्लच म्हणजे काय, ते सोलापूरकराला समजावणं सोपं आहे, कारण आपलं शहर मोटार येण्याच्या आधीपासून क्लच चालवतं आहे. जुनी गिरणी १८७७ ची. गिरणीत इंजिन एकच, त्याच्यावरून छताखालून लांबच लांब दांडा फिरायचा आणि दांड्यावरून प्रत्येक मागाला पट्टा. इंजिन तर थांबवता येत नाही, पण एखादा धागा तुटला तर तेवढा माग उभा करता आला पाहिजे. म्हणून मागाला शेजारी शेजारी दोन पुल्या. एक दांड्याला पक्की बसवलेली, दुसरी सैल. पट्टा सैल पुलीवर असला की ती आपली नुसती गरगर फिरते, माग उभाच. विणकराने हँडल सारलं की पट्टा पक्क्या पुलीवर सरकतो आणि माग खडखडायला लागतो. फिरणारं फिरत राहील, थांबलेलं थांबून राहील, आणि दोघांची गाठ हवी तेव्हा घालून देता येईल. क्लचचं काम एवढंच.

मोटारीत ही गाठ पट्ट्याने नाही, घर्षणाने पडते. इंजिनाच्या शेपटाला फ्लायव्हील नावाचं जड लोखंडी चाक. त्याला टेकून भाकरीएवढी क्लच प्लेट, तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत लायनिंग. मागून प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या जोराने तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. तिघं एकत्र फिरले की इंजिनाची ताकद गिअरबॉक्समार्गे चाकांपर्यंत जाते. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग पुढे सरकून स्प्रिंगांचा जोर उचलतं, प्लेट मोकळी होते. म्हणजे लोकांना वाटतं त्याच्या उलट: पाय दाबल्याने क्लच लागत नाही, सुटतो.

सुरुवातीच्या मोटारींत अशी प्लेट नव्हती. तिथे शंकूच्या आकाराचा क्लच असे, त्यावर चामडं चढवलेलं. चामडं वाळून कडक झालं की गाडी धक्के द्यायची, मग त्याला तेल पाजायचं. तेल जास्त झालं की ते घसरायचं, मग त्यावर एक माती भुरभुरायची. ती माती कोणती, तर इंग्रज जिला फुलर्स अर्थ म्हणतात ती, म्हणजे आपली मुलतानी माती. बायका जी चेहऱ्याला लावतात तीच साहेबाच्या मोटारीच्या क्लचला लागत होती. हे मी मामूंना वाचून दाखवलं तेव्हा ते खूप वेळ हसले आणि म्हणाले, तेल उतरवायला मातीच लागते, तोंडावरचं असो की किलचवरचं.

तर मामूंचं ऐकणं. गाडी आली की ते आधी पाना हातात घेत नसत. मालकालाच चालवायला लावत आणि स्वतः शेजारी बसत. याचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. निम्मा रोग गाडीत असतो, निम्मा चालवणाऱ्याच्या पायात. ज्याचा डावा पाय सतत पेडलवर टेकलेला असतो त्याची प्लेट लवकर जाणार, हे गाडी न उघडताच दिसतं. तुळजापूरच्या घाटात पुढे एसटी अडकली की हँडब्रेक न ओढता, अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणारेही असेच. त्यांना वाटतं आपण कौशल्य दाखवतोय. खाली प्लेट भाजत असते.

क्लच घसरतो आहे हे ओळखायचं कसं? घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो, गाडीचा वेग मात्र वाढत नाही. करपलेला, डोक्यात जाणारा वास येतो. पेट्रोल जास्त लागतं. सपाट रस्त्यावर हे कळत नाही, कारण तिथे प्लेटवर फारसा भार नसतो. म्हणून मामू चाचणीसाठी चढ शोधत. चढ नसेल तर मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढायचा, चाकांच्या पुढेमागे दगड लावायचे, समोर माणूस उभा राहू द्यायचा नाही, तिसरा गिअर टाकायचा, थोडा अॅक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडायचा. प्लेट चांगली असेल तर इंजिन गचकन बंद पडतं. पाय पूर्ण उचलल्यावरही इंजिन आरामात फिरत राहिलं, तर प्लेट पकड घेत नाही. ही परीक्षा एकदा घ्यायची, दोनदा नाही. पुन्हा पुन्हा घेतली तर परीक्षेतच विद्यार्थी मरतो.

पण घसरतो म्हणजे प्लेट संपली, असा लगेच निकाल देणं मामूंना मान्य नव्हतं. आधी ते पेडल हाताने दाबून बघत. सळईने किंवा केबलने चालणाऱ्या क्लचमध्ये पेडलला सुरुवातीला साधारण इंचभर मोकळी चाल असते, पुढे जोर लागायला लागतो. इथे पुष्कळांची गल्लत होते. त्यांना वाटतं की झीज वाढली म्हणजे पेडल ढिलं होत जाणार. होतं उलटं. प्लेट झिजत जाते तशी ही मोकळी चाल कमी होत जाते. ती संपली की रिलीज बेअरिंग कायमचं टेकून राहतं, म्हणजे कुणी अदृश्य पाय पेडलवर ठेवून बसल्यासारखं, आणि मग झिजायला पुष्कळ बाकी असलेली प्लेटसुद्धा घसरायला लागते. एक नट दोन-चार फेरे फिरवून चाल परत दिली की काम होतं. पाच मिनिटांचं काम. हेच काम गिअरबॉक्स उतरवून, प्लेट बदलून, दोन दिवस गाडी ठेवून घेऊनही करता येतं. त्या काळातही ते तसं करणारे होते, आजही आहेत.

चाल बरोबर असूनही घसरत असेल तर दोन शक्यता: लायनिंग संपलं, नाहीतर तेल लागलं. इंजिनाच्या मागच्या बाजूचं किंवा गिअरबॉक्सच्या तोंडाचं सील गळायला लागलं की तेल थेट प्लेटवर. अशा वेळी नुसती प्लेट बदलून काही होत नाही, सील आधी. नाहीतर नवी प्लेट महिन्याभरात जुनी. तेल लागलेल्या प्लेटची आणखी एक खूण म्हणजे गाडी सोडताना अंगभर थरथरते. अर्थात थरथर इंजिनाच्या खालचे रबराचे माउंटिंग फाटल्यानेही येते. ते बघायला गाडीखाली वाकावं लागतं एवढंच.

दुसरा आजार याच्या बरोबर उलटा. क्लच घसरत नाही, सुटतच नाही. पेडल तळापर्यंत दाबलं तरी प्लेट फ्लायव्हीलला थोडी धरूनच राहते. मग गिअर टाकताना करकर होते, आणि ती सगळ्यांत आधी ऐकू येते मागच्या गिअरला. जुन्या गिअरबॉक्समध्ये इतर बहुतेक गिअरना वेग जुळवून देणारी सिंक्रोमेशची सोय असते, मागच्याला नसते. म्हणून तो गिअर खरं बोलतो. पेडल दाबायचं, मनात चार आकडे मोजायचे आणि मग मागचा गिअर टाकून बघायचा. चार आकड्यांत मोकळी झालेली प्लेट थांबायला हवी. तरीही करकर झाली तर क्लच सुटत नाही असं धरायचं. मग बघायचं, मोकळी चाल जास्त झाली आहे का, केबल ताणली आहे का, तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर डबीतलं तेल उतरलंय का, नळीत हवा शिरली आहे का. पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर नीट पडत असेल तर हवाच असते बहुतेक वेळा.

या दुसऱ्या आजाराचं सोंग घेणारा एक तिसराच आजार असतो, आणि त्याची गोष्ट मला सांगायची आहे. बार्शीकडचे एक गुरुजी. तिसऱ्या हाताची जुनी गाडी त्यांनी घेतलेली, हातगिअरची. आताच्या पोरांना हातगिअर ठाऊक नसेल: गिअरचा दांडा खाली दोन सीटच्या मध्ये नसायचा, स्टिअरिंगच्या खाली आडवा असायचा, त्यामुळे पुढे एकसंध बाकडं आणि त्यावर तिघं बसायचे, लग्नाच्या दिवसांत चौघं. तर गुरुजींचा गिअर अडकायचा. एका गॅरेजवाल्याने त्यांना सांगितलं, सबंध क्लच बदलावा लागेल. आकडा ऐकून गुरुजींनी गाडी विकायचं ठरवलं होतं. ज्याला विकायची त्याच्याकडे जाताना मध्ये मामूंकडे थांबले, तेही रेडिएटरमध्ये पाणी घालायला.

मामूंनी इंजिन बंद करायला सांगितलं. बंद गाडीत गिअर टाका म्हणाले. गुरुजींनी टाकला, अडकला. मामू म्हणाले, ‘गुरुजी, इंजिन फिरतच नाही, तर किलचचा सवाल येतो कुठे?’ खरंच आहे. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो आणि चालू असताना अडतो, तर दोष क्लचचा असण्याची शक्यता. बंद असतानाही अडतो, तर दोष दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या जोडसळयांचा. हातगिअरमध्ये या सळया लांब, त्यांना जागोजागी बुश, ते झिजले की दांडा एक सांगतो आणि गिअरबॉक्स दुसरंच ऐकतो. मामूंनी तीन बुश बदलले. गुरुजींनी ती गाडी पुढे अकरा वर्षं ठेवली. त्यांची मुलगी त्याच गाडीतून सासरी गेली, त्या लग्नाचं जेवण मीही जेवलो आहे.

मी या गोष्टीकडे मिस्त्रीच्या चांगुलपणाची गोष्ट म्हणून पाहत नाही. मामूही व्यापारी होते, उधारी विसरत नसत. मुद्दा वेगळा आहे. ज्या देशात गाडी मिळायला वर्षं लागतात आणि सुटा भाग मुंबईहून मागवावा लागतो, तिथे चुकीचं निदान परवडत नाही, ना गिऱ्हाइकाला, ना मिस्त्रीला. टंचाईने माणसं हुशार झाली. टंचाईचं मी गुणगान करत नाही, ती वाईटच होती. पण तिच्यात ही एक विद्या तयार झाली, हे नोंदवलं पाहिजे. ती कुठल्या पुस्तकात नव्हती. कंपनीचं इंग्रजी मॅन्युअल गाळ्यात असायचं, बहुधा चहाच्या कपाखाली. विद्या चालायची ती उस्तादाकडून शागिर्दाकडे, कानाकडून कानाकडे.

आवाजाचंच बघा. क्लचच्या आवाजाचे तीन प्रकार मामू पोरांकडून पाठ करून घेत. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. पाय पेडलला नुसता लागला, मोकळी चाल संपली आणि तिथेच किणकिण किंवा घरघर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंग. पाय पूर्ण वर आहे तेव्हा घरघर आहे आणि पेडल दाबलं की ती बंद होते, तर रोग क्लचचा नाहीच. गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग खराब आहे, कारण पेडल दाबल्यावर तो शाफ्ट थांबतो. आणि पेडल तळापर्यंत दाबून धरलं तरच बारीक कर्कश आवाज येत असेल, तर फ्लायव्हीलच्या मध्यभागी बसणारं छोटं पायलट बेअरिंग किंवा बुश. लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक गिअरबॉक्सला, मूठ कानाला. डॉक्टरचा स्टेथोस्कोप तो हाच, फक्त किंमत कमी. एक नवा पोरगा एकदा उलट्या क्रमाने ऐकून आला आणि बेअरिंग मागवा म्हणाला. मामूंनी त्याला बेअरिंग दिलं नाही, परत गाडीखाली पाठवलं.

गिअरबॉक्स उतरवायचाच झाला तर मग मात्र मामू काही अर्धवट ठेवत नसत. लायनिंग संपलेली प्लेट टाकून द्यायची पद्धत नव्हती. जुनं लायनिंग छिन्नीने उडवायचं, नवं बसवायचं, पितळी रिव्हेट ठोकायचे, रिव्हेटचं डोकं लायनिंगच्या पृष्ठभागाच्या खाली राहील असे. ते वर राहिलं किंवा झिजून वर आलं की फ्लायव्हीलवर गोल चरे पडतात आणि मग कितीही नवी प्लेट घाला, पकड धड येत नाही. गाळ्यात संध्याकाळी रिव्हेट ठोकण्याचा आवाज चालायचा तो तांबटाच्या दुकानासारखा.

या कामातली एक गोष्ट तेव्हा आम्हां कुणाला ठाऊक नव्हती. ते लायनिंग अॅस्बेस्टॉसचं असायचं. उष्णता सोसणारा, न जळणारा, स्वस्त असा हा खनिज धागा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ब्रेकमध्ये आणि क्लचमध्ये जगभर वापरला गेला. क्लचचं घर उघडलं की आत करडी भुकटी साचलेली असायची. पोरं ती तोंडाने फुंकत, नाहीतर कॉम्प्रेसरच्या हवेने उडवत. गाळाभर धूर झाल्यासारखं व्हायचं आणि त्यात बसूनच चहा प्यायचा. हा धागा फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही, त्याचे आजार वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी उगवतात. अॅस्बेस्टॉसचा कुठलाही प्रकार कर्करोगाला कारण ठरतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मामू शेवटची चार वर्षं धापेने हैराण होते. दहा पावलं चालले की थांबायचे. विडीही होती, त्यामुळे कशाने झालं ते कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही आणि कागदावर नुसता दमा लिहिला गेला. ज्यांनी या गाड्या जिवंत ठेवल्या त्यांच्या छातीत काय साठलं, याचा हिशेब कुणी मांडला असेल असं मला वाटत नाही. गिरणी कामगाराच्या कापूसधुळीला निदान एक नाव मिळालं, कायद्यात जागा मिळाली. गाळ्यातल्या पोराला ना हजेरीपट होता, ना कार्ड. ज्यांच्याकडे अजून अशी जुनी गाडी आहे, त्यांनी मिस्त्रीला एवढं जरूर सांगावं की, बाबा, भुकटी फुंकू नकोस, ओल्या फडक्याने पूस, तोंडाला चांगला मास्क लाव.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि गाळ्याचं जग बदलायला लागलं. नवी गाडी हलकी, क्लच केबलचा, पेडल इतकं मऊ की मामू म्हणाले, हे पेडल आहे की उशी? पुढे पुढे क्लचचा सबंध संच खोक्यात मिळू लागला: प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग एकत्र. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एवढी असते की एकदा उतरवला तर तिन्ही वस्तू बदलणंच शहाणपणाचं. पण खोकं हाताशी आलं तसं ऐकणं कमी झालं. गिअर अडतोय? संच टाका. थरथरतेय? संच टाका. संच टाकून सहा हजार किलोमीटरमध्ये परत थरथर, कारण फाटलेला माउंटिंग कुणी वाकून बघितलाच नाही.

कुर्ल्याच्या पद्मिनीचं उत्पादन इसवी सन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी तिच्यावर हळवे लेख लिहिले, लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतले. त्या गर्दीत सोलापूरच्या माणसाचं नाव फार जणांनी घेतल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. अॅम्बॅसडर तर २०१४ सालीच थांबली होती. आता विजेच्या गाड्या आल्या आहेत, त्यांना क्लचचं पेडलच नसतं.

मामूंचा गाळा आता त्यांचा मुलगा चालवतो. त्याच्याकडे स्कॅनर आहे, नव्या गाडीला तो जोडला की पडद्यावर रोगाचं नाव येतं. जुन्या गाडीला तो जोडायला जागाच नसते. गेल्या पावसाळ्यानंतर एक पद्मिनी त्याच्याकडे आली. मालक परगावी होते, गाडी तीन महिने ओलीत उभी. कुठलाच गिअर पडेना. इंजिन बंद केलं की मात्र सगळे पडायचे. दोन ठिकाणी संच बदलायला सांगितलेलं. माझ्या मामेभावाने इंजिन चालू करून अर्धा तास गरम होऊ दिलं, मग बंद केलं. गाडी ढकलत होम मैदानाच्या मोकळ्या बाजूला नेली, आजूबाजूला कुणी नाही बघून दुसरा गिअर टाकला, क्लच तळापर्यंत दाबून धरला आणि स्टार्टर मारला. गाडी तशीच चालायला लागली, कारण प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली होती. क्लच दाबलेलाच ठेवून त्याने अॅक्सिलरेटर देत ब्रेकवर दाब दिला. तिसऱ्या खेपेला खालून टक् असा आवाज आला आणि गाडी थांबली, इंजिन मात्र चालू राहिलं. त्याने चार आकडे मोजून मागचा गिअर टाकला. करकर झाली नाही.

ती गाडी अजून चालते आहे. तिचा गिअरबॉक्स अजून कुणी उतरवलेला नाही.